आधी दंडाचा डबा उचला

पत्र: ताई, माझं माहेर बार्शीचं. सासर सोलापुरात पूर्व भागात, पद्मशाली. मुलगी सात वर्षांची, इंग्रजी शाळेत दुसरीला. सासूबाई विड्या वळत तिच्याशी दिवसभर तेलुगूत बोलतात, म्हणून इंग्रजी कच्चं राहिलंय. मी घरात तेलुगू शब्दाला एक रुपया दंड ठेवला. तरी दोघींची कुजबुज चालूच. हल्ली तर रात्री त्यांच्या कुशीत शिरून ‘नेनु पोनु’ म्हणत रडते, सकाळी रिक्षा आली की पोट दुखतं. सासूबाईंना न दुखवता हे तेलुगू कसं बंद करू?

उत्तर: अहो, इंग्रजी-तेलुगूवर तुम्ही सगळं पत्र लिहिलंत आणि रिक्षावर एक ओळ. मी त्या ओळीवरच अडले आहे.

‘नेनु पोनु’ म्हणजे मी जाणार नाही. पोर रोज रात्री रडून हे सांगते आणि तुम्हाला त्यात नुसतं तेलुगू ऐकू येतं? मला राग आलाय, तो लपवत नाही. ज्या भाषेत तिला भीती सांगता येते, त्याच भाषेवर तुम्ही दंड बसवलात. इंग्रजीत तिला फळांची, रंगांची नावं येत असतील. कुणी नको तिथे हात लावला, चिमटा काढला, धमकी दिली, तर ते सांगायला सात वर्षांच्या पोरीला आजीचेच शब्द लागतात. त्यात आपण मुलांना शिकवतो काय, तर मोठ्यांना उलटून बोलू नये, काकांना नाही म्हणू नये. एवढं सगळं ओलांडून ती ‘पोनु’ म्हणतेय.

रिक्षावाल्यावर मी आळ घेत नाही. मागच्या बाकावरची थोरली पोरं छळत असतील, वर्गात कुणी मारत असेल. काय ते तिलाच ठाऊक, आणि बहुतेक सासूबाईंना थोडंफार.

म्हणून आज संध्याकाळी एकच करा. त्या सूप मांडीवर घेऊन बसल्या की शेजारी जाऊन बसा. पान कापायला, दोरा गुंडाळायला लागा, जमेल तसं. ‘आत्या, ती तुम्हाला काय सांगते हो?’ एवढंच विचारा. मान खाली तुमचीच असू दे, त्यांची नको. मग पोरीशी त्यांनाच बोलू द्या, तेलुगूत. हात कामात असले आणि कुणी डोळ्यांत बघत नसलं की मुलं बोलतात. ‘रिक्षावाल्या मामांनी काही केलं का?’ असं तिच्या तोंडी घालायचं नाही. ‘मग काय झालं?’ इतकंच. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत, तेलुगू तर तेलुगू, देवनागरीत वहीत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

आणि तसलं काही निघालंच, तर घरातल्या घरात मिटवायचं नाही. अब्रूचं कारण तर मला सांगूच नका. १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा, नाहीतर थेट पोलीस ठाणं गाठा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि अधिकारी गणवेशात नसतो. मुलाला कळत नसलेल्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यावा लागतो. म्हणजे पोलिसांसमोरसुद्धा तुमच्या लेकीला तेलुगूत बोलता येईल. कायदा तिला जी मुभा देतो, ती तुमच्या स्वयंपाकघरात नाही.

दंडाचे रुपये तिला परत करा, तिच्यासमोर मोजून. इंग्रजीचं पुढच्या वर्षी बघू.

मात्र उद्याच्या रिक्षाला ‘येऊ नका’ म्हणून आत्ताच फोन करा. शाळेत तुम्ही स्वतः सोडायला जा. रस्त्यात ती गप्प बसली तर बसू दे, हात तेवढा धरून ठेवा.