बांधावरची रास : थडगं की वेचणी?

प्रश्न : भाचा इंग्लंडात असतो. डार्टमूरच्या माळावरच्या दगडांच्या राशीचा फोटो त्याने पाठवला. म्हणे, खाली साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं थडगं. अशीच रास आमच्या वावराच्या बांधावर आहे. उकरून पाहू का?
– एक शेतकरी, शिरपूर तालुका

उत्तर : आप्पा, आधी टिकाव खाली ठेवा.

भाचा खरं सांगतोय. डार्टमूरवर अशा राशी पुष्कळ आहेत. काहींच्या पोटात चपट्या दगडांची पेटी असते. तिथल्या आम्ल मातीत न जळालेली हाडं विरघळतात, पण दलदलीच्या थरात भलतंच काही टिकतं. २०११ साली व्हाइटहॉर्स हिलवरची एक पेटी उघडली, तर अस्वलाच्या कातड्यात जळालेली हाडं आणि दोनशेवर मणी निघाले.

तुमची रास मात्र मला वेचणीची, म्हणजे वावरातले दगड वेचून बांधावर टाकल्याची वाटते. दगडांवर नांगराचे ओरखडे आहेत का पाहा. लहानमोठे दगड कसेही टाकलेले असतील, तर ते तुमच्या आजोबा-पणजोबांचे कष्ट. थडग्याच्या राशीला बहुधा मोठ्या दगडांची गोल कड असते. ती पाहायची तर नागपूरजवळ जुनापाणीला जा. तिथे लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत.

आपल्या खानदेशातली जुनी माणसं मात्र दगड रचत बसली नाहीत. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ, आणि पलीकडच्या तीरावर टेकवाडा. तिथे १९५६-५७ च्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं बरोबरीनं वापरत तेव्हाची दफनं मिळाली, मडक्यांतली. त्याच काळात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला लहान मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. आईच्या पायाखाली! मला त्या दगडी पेटीपेक्षा हे जास्त भिडतं.

म्हणून बांध सोडा, नदीकाठची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड बघा. खतासाठी ती गाड्या भरभरून आपणच उपसली, हा भाग वेगळा. पावसानं धुपलेल्या कडेला काळ्या नक्षीची तांबडी खापरं दिसली तर जागच्या जागी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. सोन्यानाण्याचं काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहेच : दहा रुपयांवरची वस्तू असली तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! आकडा तेव्हाचाच आहे.