पुण्याला २०४० साली किती पाणी लागेल, हे कसं काढतात? वीजकेंद्रांचं पाणी त्यात धरतात का?

सूत्र सोपं आहे: लोकसंख्या गुणिले दरडोई पाणी, अधिक गळती. महानगरासाठी दरडोई रोज १५० लिटर हा केंद्र सरकारचा मापदंड. समजा ५० लाख माणसं धरली, तर रोजचे ७५ कोटी लिटर, म्हणजे वर्षाला साधारण ९.७ टीएमसी (अब्ज घनफूट). गळती १५ टक्के धरली तर धरणातून ११.४ टीएमसी सोडावे लागतात, ३५ टक्के धरली तर जवळपास १५. माणसं तीच! म्हणून कुठलाही अंदाज वाचताना मी आधी गळतीचा आकडा शोधतो.

लोकसंख्येचा आकडाही फसवा असतो. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे ३१ लाख लोक होते, पण २०१७ आणि २०२१ला गावं हद्दीत आली. नुसता जुना वाढीचा दर पुढे ओढून भागत नाही. शिवाय टँकर. आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत मे महिन्यात रोज तीन-चार टँकरच्या नोंदी असतात. ते पाणी धरणाच्या हिशोबात कुठे दिसणार?

वीजकेंद्राचा हिशोब वेगळा, माणसांवर नाही तर युनिटांवर. जुन्या औष्णिक केंद्रांना २०१५च्या नियमानुसार मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, ३.५ घनमीटरची मर्यादा आहे. १००० मेगावॉटचं केंद्र ८० टक्के भाराने चाललं तर रोज पावणेसात कोटी लिटर, म्हणजे साडेचार लाख पुणेकरांचं पाणी. सौर पॅनलना धुण्यापुरतंच लागतं, त्यामुळे वीज कशापासून करणार हे आधी ठरवावं लागतं.