अल्बारिन्योचा खारटपणा मातीतून येतो का?

स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियातील रियास बायशास येथे अल्बारिन्यो या पांढऱ्या द्राक्षापासून होणारी वाइन जिभेला किंचित खारट लागते, तो खारटपणा समुद्राकाठच्या मातीतून द्राक्षात उतरतो का, आणि एवढ्या पावसाच्या प्रदेशात चांगली द्राक्षे पिकतातच कशी, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहिले, तर पहिल्याचा गुंता बराचसा सुटतो.

‘रिया’ म्हणजे समुद्राच्या पाण्याखाली गेलेले नदीचे खोरे. अटलांटिक महासागर अशा खोऱ्यांतून जमिनीत आतपर्यंत शिरलेला असल्यामुळे येथे ना कडक उन्हाळा पडतो ना कडक हिवाळा, आणि पाऊस मात्र वर्षाला सरासरी १,६०० मिलिमीटरच्या आसपास होतो. त्याचा मोठा भाग शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडतो, उन्हाळा त्या मानाने कोरडा जातो. पण हवेतील दमटपणा हटत नाही. द्राक्षबागेच्या दृष्टीने ही धोक्याचीच परिस्थिती आहे, कारण केवडा, भुरी आणि घडकूज या रोगांना याहून सोयीची हवा मिळणे कठीण.

येथे माती उपयोगी पडते. काम्बादोसच्या परिसरात, म्हणजे रियास बायशासच्या वाल दो साल्नेस या किनाऱ्यालगतच्या उपविभागात, वेलींखालची माती ओंजळीत घेऊन पाहिली, तर ती जवळजवळ मुरमासारखी दिसते: झिजलेल्या ग्रॅनाइटचे खरखरीत कण, त्यांत चकाकणारे अभ्रकाचे पापुद्रे, आणि चिकणमाती इतकी थोडी की मूठ आवळली तरी ढेकूळ नीट बांधले जात नाही. स्थानिक लोक तिला ‘शाब्रे’ म्हणतात. पडलेले पाणी तिच्यातून झपाट्याने खाली उतरते. हाच पाऊस भारी चिकण जमिनीवर पडला असता, तर मुळे सतत ओलीत राहिली असती, वेल पानांचा नुसता पसारा वाढवत बसला असता आणि त्या गर्द सावलीत पातळ रसाचे, कुजके घड मिळाले असते. शाब्रेमध्ये सेंद्रिय द्रव्य मुळात कमी असल्याने वेलीच्या वाढीवर आपोआप लगाम राहतो. तिचा सामू मात्र आम्लधर्मी असतो. तो सावरण्यासाठी शेतात शिंपल्यांचा चुरा टाकण्याची रीत तेथे जुनी आहे.

उरलेले काम मांडव करतो. वेली माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर चढवून तारांवर पसरलेल्या असतात, त्यामुळे घड ओल्या जमिनीपासून दूर लोंबतात आणि त्यांच्याखालून वारा खेळता राहतो. मांडवाचे खांबही ग्रॅनाइटचेच असतात, कारण त्या ओलीत लाकूड टिकत नाही आणि दगडाला तेथे तोटा नाही. अल्बारिन्योच्या मण्याची सालही जाड असते, त्यामुळे ती हा दमटपणा इतर अनेक वाणांपेक्षा चांगला सोसते.

आता खारटपणाविषयी. ग्रॅनाइटची चव मुळांवाटे वाइनमध्ये उतरते, हे मला मुळीच पटत नाही. वेल पाण्यात विरघळलेली मोजकी द्रव्ये शोषते, दगड शोषत नाही. आणि वाइनमधील बहुतेक खनिजांचे प्रमाण जिभेला स्वतंत्रपणे कळण्याइतके नसते. समुद्री वाऱ्याने पानांवर आणि सालीवर थोडे मीठ बसू शकते, पण आपल्याला जाणवते त्याचे मुख्य कारण माझ्या मते आम्लता हे आहे. उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकताना त्यातील मॅलिक आम्ल श्वसनात लवकर खर्ची पडते. येथे समुद्र दिवसाची उष्णता वाढू देत नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये तोडणी होते तेव्हाही ते आम्ल भरपूर शिल्लक असते. अनेक वाइनकार ते सौम्य करणारे दुसरे किण्वनही मुद्दाम होऊ देत नाहीत. घोट गिळल्यावर जबड्याच्या मागच्या बाजूला जी कळ येते आणि तोंडाला पाणी सुटते, ती या आम्लाची करामत. गोडवा जवळजवळ नसल्यामुळे मेंदू तिला सहज ‘खारट’ असे नाव देतो. यीस्टच्या गाळावर काही महिने ठेवलेल्या वाइनमध्ये ही जाणीव अधिक भरीव होते.

माझे हे म्हणणे या प्रदेशातच पडताळून पाहता येते. रियास बायशासला १९८८ मध्ये अधिकृत मूळस्थानाचा दर्जा मिळाला आणि आज त्याचे पाच उपविभाग आहेत. त्यांपैकी कोन्दादो दो तेआ समुद्रापासून आत, मिन्यो नदीच्या काठाने आहे. तेथेही ग्रॅनाइट आहे, काही ठिकाणी पाटीचा दगडही आहे, पण उन्हाळा जास्त तापतो. म्हणून तेथील वाइन पिकलेल्या फळाकडे झुकते, आम्लाची धार बोथट होते आणि तो ‘खारटपणा’ही मागे सरतो. खारटपणा दगडातून येत असता, तर तो असा समुद्राच्या अंतरानुसार कमी-जास्त झाला नसता. मिन्योच्या मुखाजवळील ओ रोसाल या उपविभागाची वाइन चवीने साल्नेस आणि कोन्दादो या दोहोंच्या मध्ये बसते. पण तेथे लोउरेइरोसारख्या वाणांची जोडही पुष्कळदा दिलेली असते, म्हणून तुलनेसाठी ती वाइन घेऊ नये.

शक्य झाल्यास एकाच वर्षाच्या, ओकच्या पिंपात न ठेवलेल्या, निव्वळ अल्बारिन्योच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक साल्नेसची आणि एक कोन्दादोची. उपविभागाचे नाव पुष्कळदा लेबलावर असते. दोन्ही सुमारे १० अंशांवर थंड करून आधी कोन्दादोची चाखावी. साल्नेसची आधी घेतली, तर तिच्या आम्लामुळे दुसरी उगीचच मिळमिळीत वाटते.