ग्लँडर्समुळे तबेला बंद : बाहेरच्या मालकाचा घोडा सोडायचा का?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको शहराबाहेर घोडेस्वारीचा छोटा क्लब चालवतो. सात घोडे आमचे, चार बाहेरच्या मालकांचे; ते दरमहा पैसे देऊन आमच्याकडे ठेवतात. यात्रेत एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या घोडीचं नाक वाहत होतं. सर्दी समजून आठवडाभर घरचेच उपाय केले. मग डॉक्टरांना बोलावलं. नमुने हिसारच्या सरकारी केंद्रात गेले आणि ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग निघाला. घोडीला दयामरण दिलं. आता घोडे हलवायला बंदी आहे, बाकीच्यांचे अहवाल यायचेत. बाहेरचे एक मालक म्हणतात, "माझा घोडा रात्रीत फार्महाऊसवर नेतो, अडवलंत तर कोर्टात खेचेन." पालक वर्षाची फी परत मागतात. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं आहे. आम्ही कुठे उभे आहोत? (नाव-गाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : घोडा सोडू नका. बाकीच्या सगळ्या गोष्टींवर वाटाघाटी होऊ शकतात, यावर नाही.

मालकाला वाटतं की घोडा त्याचा, म्हणजे तो कधीही नेऊ शकतो. एरवी ते खरंही आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की कायद्याच्या भाषेत तो निक्षेप होतो, आणि मागितल्यावर ती परत करावी लागते. पण प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगास प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या यादीत ग्लँडर्स आहे. नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं की तिथून जनावर हलवणं बेकायदा, आणि रोगाचा संशय असलेलं जनावर वेगळं ठेवणं ही सांभाळणाऱ्याची जबाबदारी. जे करायला कायदाच मना करतो ते केलं नाही म्हणून कोणी तुमच्यावर दावा जिंकू शकत नाही. "माझ्या जबाबदारीवर नेतो" असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं तरी त्या कागदाला किंमत शून्य.

त्या अधिनियमातला दंड नाममात्र आहे, म्हणून काही जण हसण्यावारी नेतात. त्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम २७१ वाचावं. जीवघेणा रोग पसरेल असं कृत्य निष्काळजीपणे केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि प्राण घेऊ शकतो. त्यावर लस नाही. रात्री टेम्पोत घोडा चढवणारा आणि फाटक उघडून देणारा, दोघेही त्यात सापडतील.

तेव्हा मालकाला आजच पत्र द्या, व्हॉट्सॲपवर आणि पोस्टानेही : "अमुक तारखेच्या आदेशानुसार घोडा हलवण्यास बंदी आहे. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. अहवाल येऊन बंदी लेखी उठताच घोडा आपल्या ताब्यात देऊ. तोवर चारा-पाणी व देखभाल चालू आहे." आदेशाची प्रत हातात नसेल, सगळं तोंडीच चाललं असेल, तर तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे अर्ज करून ती मागा आणि अर्जाची पोच घ्या. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा अहवालही लेखी हवा. तिथे आधी एलायझा ही रक्ताची चाचणी होते आणि मग दुसऱ्या चाचणीने खात्री केली जाते, त्यामुळे "खासगी लॅबमध्ये निगेटिव्ह आलाय" या युक्तिवादावर मालक फार टिकणार नाही.

आता तुमची लंगडी बाजू. बाहेरच्या चार घोड्यांपैकी एखादा पॉझिटिव्ह आला तर मालक भरपाई मागेल, आणि त्याला कोर्टात उभं राहण्यापुरतं कारण आहे. करार अधिनियमाचं कलम १५१ एवढंच विचारतं : साधारण शहाण्या माणसाने स्वतःच्या घोड्याची जेवढी काळजी घेतली असती, तेवढी तुम्ही घेतलीत का? घेतली असेल तर कलम १५२ तुम्हाला वाचवतं. पण उलटतपासणीत प्रश्न असे येतील : यात्रेतून आणलेली घोडी किती दिवस वेगळी ठेवली? पाण्याचा हौद एकच होता का? खराऱ्याचा ब्रश, तोबरा एकच होता का? ग्लँडर्स मुख्यतः सामायिक पाण्या-चाऱ्यातून पसरतो. ‘आठवडाभर सर्दी समजलो’ हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत, तसं रागाच्या भरात क्लबच्या ग्रुपवर लिहू नका. खोटं बोला असं मी म्हणत नाही. घोडी आली तो दिवस, नाक वाहू लागलं तो, डॉक्टर आले तो आणि नमुने गेले तो, अशा तारखा मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या नोकराला, विचारून एका कागदावर काढा आणि वकिलाला द्या. खाडाखोड केलेली नोंदवही ही निष्काळजीपणापेक्षा महाग पडते.

घोडीच्या भरपाईसाठी पशुसंवर्धन विभागाकडे अर्ज करा. सरकारी आदेशाने मारलेल्या ग्लँडर्सच्या जनावरासाठी केंद्र-राज्य योजनेतून रक्कम मिळते. अनेक राज्यांत घोड्यामागे २५ हजार रुपये दिले गेले आहेत. बाजारभावाशी याचा संबंध नाही, हे मालकांनाही आधीच सांगून ठेवा. विमा असेल तर पॉलिसीतली वगळलेल्या बाबींची यादी वाचा. आदेशाने दिलेलं दयामरण त्यात असू शकतं.

व्यापाऱ्यावर दावा? घोडी कशासाठी हवी हे त्याला सांगितलं होतं आणि त्याच्या शब्दावर विसंबून घेतली, हे सिद्ध झालं तर मालविक्री अधिनियमाचं कलम १६ कामी येतं. पण सारंगखेड्यापासून माळेगावपर्यंत यात्रेतला घोड्याचा सौदा बहुधा रोखीत आणि तोंडी होतो. शिवाय हा रोग महिनोन्‌महिने दबून राहू शकतो, त्यामुळे ‘विक्रीच्या दिवशीच होता’ हेही दाखवावं लागेल आणि ‘तुमच्याकडेच लागला’ हेही तो म्हणेल. यूपीआयची नोंद, आधीच्या तपासणीचा दाखला, सौद्याचा व्हिडिओ यातलं काही असेल तरच नोटीस पाठवा. नाहीतर वकिलाची फी वाया जाईल.

पालकांचं गाऱ्हाणं मला रास्त वाटतं. छापील ओळीच्या आड लपू नका. शिकवलंच नाही त्याची फी ठेवण्याचं समर्थन ग्राहक आयोगासमोर अवघड जाईल. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही, म्हणजे चाळीस पालक चाळीस अर्ज करू शकतात. मात्र वर्षाची पूर्ण फी परत करण्याचीही गरज नाही. १९५४ च्या सत्यव्रत घोष खटल्यात कलकत्त्याजवळची जमीन युद्धकाळात सरकारने ताब्यात घेतली होती, तरी तात्पुरत्या अडथळ्याने करार संपला असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही. तुमची बंदीही तात्पुरती आहे. जेवढे महिने वर्ग बंद तेवढी मुदत वाढवून द्या. ज्यांना ते नको, त्यांना न झालेल्या वर्गांचे पैसे द्या. हा प्रस्ताव तक्रारीआधी लेखी गेला पाहिजे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती : मोतद्दार. घोडीचं नाक ज्याने पुसलं त्याची तपासणी झाली का? जनावरं हाताळताना जडलेला संसर्गजन्य रोग कामगार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग धरला जातो आणि जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. त्याला ताप, खोकला, कातडीवर गाठ असं काही असेल तर सरकारी रुग्णालयात न्या आणि तबेल्यात ग्लँडर्स निघाला आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. केसपेपरवर ते लिहून घ्या.