चॅम्पियन झाल्यावर पोरं माजतात का?

प्रश्न : दादा, मी निपाणीचा. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने फुटबॉलची लीग जिंकली, यंदा नुसत्या ड्रॉ. घरचे, चौकातले सगळे म्हणतात पोरं माजली. बेंगळुरू एफसीचं पण 2014 ला जिंकून पुढच्या वर्षी असंच झालं होतं ना, लीग कोलकात्याच्या मोहन बागानने नेली. खरंच माज येतो काय हो?

उत्तर : नाही रे बाबा, आणि हे चौकातलं बोलणं पोरांच्या कानावर जाऊ देऊ नको. बेंगळुरूचं काढलंस ते बरं केलंस, कारण तो सीझन मला अजून टोचतो. 2013 ला काढलेला क्लब, पहिल्याच वर्षी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग जिंकली, ती पण कुठं तर गोव्यात फातोर्ड्याला, तिथल्याच डेम्पो क्लबला 4-2 हरवून. बेळगावहून बेंगळुरूपेक्षा फातोर्डा जवळ, त्यामुळे आमच्यात अर्धे लोक गोव्याच्या क्लबांचे, पण त्या दिवसापासून कॅप्टन सुनील छेत्रीची टीम आपली वाटायला लागली बघ.

आता दुसरं वर्ष बघ. 20 मॅचमध्ये 10 जिंकल्या, 7 ड्रॉ, फक्त 3 हरल्या, 37 पॉइंट. बागानच्या पण हार 3च! फरक एवढाच की त्यांनी एक मॅच जास्त जिंकली आणि त्यांचे झाले 39. माजलेली टीम अशी खेळते होय? त्याच सीझनमध्ये जानेवारीत देशातल्या क्लबांचा फेडरेशन कप जिंकला, फायनलला परत डेम्पोच. वर चॅम्पियन म्हणून आशियात खेळायला मिळालं, मलेशियाच्या जोहोरशी एक्स्ट्रा टाइमपर्यंत झुंजून हरले, मग एएफसी कप, म्हणजे आशियातल्या क्लबांची दुसऱ्या फळीची स्पर्धा सुरू, त्यात मेमध्ये हाँगकाँगच्या साउथ चायनाकडून हरून बाहेर. म्हणजे तीच पोरं, तेच पाय, आणि मॅच कितीतरी जास्त, त्यात विमानाचे प्रवास.

दुसरं म्हणजे चॅम्पियनसमोर येणारी टीम मोकळी खेळतच नाही, दहा जण मागे घेऊन बसते, तिला एक पॉइंट पण सणासारखा. तुझ्या ड्रॉ तिथूनच येत असणार बघ.

आणि 31 मे 2015. बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर लीगची शेवटची मॅच, बागानला ड्रॉ पुरे, बेंगळुरूला जिंकायलाच पाहिजे. बेंगळुरूच्या जॉन्सनने हाफ टाइमच्या आधी गोल केला, तसंच संपलं असतं तर बेंगळुरू 39, बागान 38. 87व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि बागानच्या बेलो रझाकने हेडर घातला. 1-1. मी खानापुरात मित्राच्या घरी टीव्हीसमोर होतो, जेवण तसंच राहिलं. वर्षभराची मेहनत एका कॉर्नरवर गेली, त्याला माज म्हणणाऱ्याचा मला खरंच राग येतो.

क्लबने काय केलं? कोच वेस्टवूडला ठेवलं, छेत्रीभोवतीची टीम मोडली नाही, आणि 2016 ला लीग परत आणली. तुमच्या मंडळात आत्ता कोच बदला म्हणून कोण ओरडत असेल तर त्याला हे सांग की. प्रॅक्टिसला शेवटची वीस मिनिटं नुसते कॉर्नर अडवायला लावा, दमलेल्या पायांनीच, आणि बेंचवरच्या पोरांना अर्धा अर्धा तास तरी खेळवा. उरलेल्या मॅच कुणाशी आहेत ते कळव, मी येतो बघायला.