आधी फोन उचलायला लाग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. शिक्षण अर्धवट सुटलं, काम मिळत नाही आणि आता अर्ज करायचीही इच्छा उरली नाही, असं तू लिहिलंस. पण मला जास्त काळजी वाटली ती मध्येच येऊन गेलेल्या एका वाक्याची. ‘मित्रांचे फोन घेणं बंद केलंय, उगाच तोच विषय निघतो.’ नोकरीचं आपण बघूच, आधी या फोनांचं बोलू.

तुझ्या मनातला हिशोब मला कळतो. आधी काहीतरी हाती लागू दे, मग ताठ मानेनं सगळ्यांना भेटेन. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. माणसं तुटली की काम मिळणं आणखी अवघड होतं, आणि मिळेपर्यंत टिकून राहणं त्याहून अवघड.

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तिथं काय घडतंय ते पाहायला गेले. त्यांनी रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष रेंगाळत चालत होते, पुन्हा पुन्हा थांबत होते. वाचनालयाची फी माफ झाली होती आणि वेळ तर भरपूर होता, तरी पुस्तकं नेणारे कमी झाले. मंडळांमधली, संघटनांमधली माणसंही गळत गेली. या लोकांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे याहोडांनी मांडलं की नोकरी पगाराखेरीज बरंच काही देते. दिवसाला आखणी येते, घराबाहेरच्या माणसांत ऊठबस होते, चारचौघांच्या कामात आपलाही हात लागतो, समाजात ओळख मिळते आणि काहीतरी करत राहावं लागतं. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं. तुला सकाळी उठावंसं वाटत नाही त्याचं कारण इथं आहे. तुझ्या स्वभावात खोट शोधू नकोस.

आणि तू एकटा नाहीस. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगातल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांपैकी साधारण दर पाचवा जण शिक्षणात, कामात किंवा प्रशिक्षणात नव्हता. त्यांत मुलींचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट. त्यांतल्या कितीतरी जणी दिवसभर घरात राबत असतात आणि तरी मोजदादीत ‘काही न करणाऱ्या’ ठरतात, हे मला फार खुपतं.

आता आशेबद्दल. ‘सकारात्मक राहा’ असं तुला सगळे सांगतात आणि तू त्यावर चिडतोस, ते बरोबरच आहे. सी. आर. स्नायडर या मानसशास्त्रज्ञानं आशेचे दोन भाग सांगितले: जिथं पोहोचायचं तिथं नेणाऱ्या वाटा सुचणं, आणि त्या वाटेनं जायला आपल्यात बळ आहे असं वाटणं. मला हे पटतं, कारण त्यात नुसत्या हसऱ्या चेहऱ्याला जागा नाही. बंद खोलीत एकट्यानं विचार केला की त्याच दोन वाटा सुचतात, आणि त्या बंद झालेल्या आपल्याला आधीच माहीत असतात. तिसरी वाट बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्यातून कळते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवलं की कामाची खबर पुष्कळदा जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून येते. जिवलगांना बहुतेक तेच ठाऊक असतं, जे आपल्याला असतं.

म्हणून फोन उचल. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर आधीच तयार ठेव. ‘काम शोधतोय. हिशोबाचं काम मला जमतं. त्या कामात तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर मला त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचंय.’ एवढंच बोल. ‘कुठंतरी चिकटवा’ म्हटलं की समोरचा अवघडतो. दहा मिनिटं मागितली तर तो नाव सुचवतो.

सगळा आधार एकाच माणसाकडून मागू नकोस. जो तुझं ऐकून घेतो, त्याला अर्ज तपासता येईलच असं नाही. जी मैत्रीण अर्जातल्या चुका तोंडावर सांगेल, तिच्यापाशी रडता येईलच असंही नाही. आईकडून तर तू हे सगळंच अपेक्षितोस आणि मग दोघांची भांडणं होतात. तिला सांग, आठवड्यातून एकदा मी स्वतःहून सगळं सांगेन, मधल्या दिवसांत विचारू नकोस. आणि ठरलेल्या दिवशी खरंच सांग, काही घडलं नसलं तरी. तिच्या रोजच्या प्रश्नामागे काळजी आहे. तिला काही कळत नाही म्हणून ती विचारत राहते.

जगणंच नको असं कधी वाटलं, तर ते मनात ठेवू नकोस. त्याच दिवशी कुणालातरी सांग, डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री मलाही फोन कर.

ज्या मित्रांचे फोन घेतले नाहीस, त्यांतला सर्वांत कमी टोचणारा निवड आणि त्याला या दोन दिवसांत फोन कर. कारणं देत बसू नकोस, ‘बरेच दिवस बोललो नाही’ एवढं पुरतं. त्याच्याशी काय बोलणं झालं ते मला कळव आणि तुझा अर्जही पाठव. त्यातली भाषा आपण दोघं मिळून नीट करू.

तुझा,
काका