गोळ्या विकत घेताना होणाऱ्या तपासणीवर कॅलिफोर्नियातले बंदूकधारक नाराज का आहेत?

तुमचा प्रश्न असा की, कॅलिफोर्नियात बंदूक घेताना तर चौकशी होतेच, पण गोळ्यांचा डबा घ्यायलाही दरवेळी बॅकग्राउंड चेक होतो. मग ज्याच्या मनात वाईट काही नाही त्याला त्यात अडचण काय? सॅन होजेला राहणारा तुमचा भाचा यावर तावातावाने बोलतो आणि तुम्हाला ते पटत नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

मी कॅलिफोर्नियात अठरा वर्षं राहतोय. २०१५ मध्ये बारा बोरची शॉटगन घेतली आणि तेव्हापासून जमेल त्या शनिवारी ट्रॅप खेळायला जातो. यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडतात आणि त्या फोडायच्या, असा हा खेळ. एका फेरीला पंचवीस काडतुसं, म्हणजे बरोबर एक डबा. सरावाच्या दिवशी चार डबे सहज संपतात. त्यामुळे काडतुसं घेणं हे माझ्यासाठी वर्षातून एकदा करायचं काम नाही.

आधी माझं मत सांगतो. गोळ्या घेणाऱ्याची तपासणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. बंदूक घेताना माणूस स्वच्छ असतो आणि पाच वर्षांनी त्याला शिक्षा होते, किंवा बायकोला मारहाण केल्यावरून कोर्ट त्याच्यावर मनाई हुकूम काढतं. कायद्याने त्याचा बंदुकीचा हक्क जातो, पण बंदूक घरातच राहते. अशा लोकांची वेगळी यादी कॅलिफोर्निया ठेवतं आणि त्यात वीस हजारांहून जास्त नावं आहेत. शिवाय सुटे भाग जोडून घरी केलेल्या, नंबर नसलेल्या बंदुका आहेत. त्या दुकानातून येतच नाहीत, पण त्यांनाही गोळ्या लागतात. कॅलिफोर्नियातल्याच सॅन बर्नार्डिनोत २ डिसेंबर २०१५ ला गोळीबारात चौदा जण मारले गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ‘प्रपोझिशन ६३’, म्हणजे गोळ्यांच्या तपासणीचा प्रस्ताव, मतदानाला आलं, तेव्हा सुमारे ६३ टक्के मतदारांनी त्याला होकार दिला तो यासाठीच. १ जुलै २०१९ पासून दुकानात प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली.

मग तक्रार कशाची? ती समजायला काउंटरवर काय होतं ते बघावं लागेल.

दुकानदार तुमचं ड्रायव्हिंग लायसन घेतो, माहिती राज्याच्या संगणकाकडे पाठवतो. नेहमीची जी स्वस्त तपासणी आहे (सुरुवातीला तिची फी एक डॉलर होती) ती मुख्यतः एवढंच बघते की तुमच्या नावावर राज्याच्या दफ्तरी एखाद्या बंदुकीची नोंद आहे का, आणि त्या नोंदीतलं नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन नंबर आज तुम्ही दिलेल्या माहितीशी जुळतात का. जुळले आणि बंदीच्या यादीत तुम्ही नसलात, तर दोन-चार मिनिटांत काम होतं. जुळले नाहीत, तर नाही. म्हणजे तपासला जातो तो तुमचा जुना कागद. माणसाची खरी तपासणी करणारी दुसरी पद्धत आहे, तिला १९ डॉलर लागतात, कधी काही दिवसही लागतात, आणि तेवढ्या एका खरेदीपुरतीच ती चालते. पुढच्या डब्याला पुन्हा १९ डॉलर.

२०२१ मध्ये आम्ही घर बदललं. लायसनवर नवा पत्ता आला, बंदुकीच्या नोंदीवर जुनाच राहिला. ती नोंदही बदलावी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर पहिल्यांदा काडतुसं घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनकडे बघून सांगितलं, “रिजेक्टेड.” कारण विचारलं तर त्यालाही ते दिसत नव्हतं. त्याने व्यवहाराचा नंबर लिहून दिला आणि राज्याच्या न्याय विभागाच्या वेबसाइटवर बघा म्हणाला. मागे पाच-सहा माणसं रांगेत उभी होती. शेजारी माझी चौदा वर्षांची मुलगी होती, तिने गाडीत बसल्यावर विचारलं, “बाबा, आपण काही चुकीचं केलंय का?” तो प्रश्न मला फार लागला. मी सोळा वर्षांचा असताना आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, आजोबांबरोबर काडतुसं आणायला गेलो होतो. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. किती काडतुसं घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेलं, दुकानदार रजिस्टरात नोंद करायचा. बंधनं इथल्यापेक्षा कडक, पण आजोबांना आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक असायचं. मला त्या दिवशी ते ठाऊक नव्हतं.

हे माझ्या एकट्याचं नाही. कोर्टात आलेले आकडे असे: पहिल्या सात महिन्यांत या नेहमीच्या तपासणीत सुमारे १६ टक्के, म्हणजे एक लाखाहून जास्त खरेदीदार परत पाठवले गेले. खरोखर बंदी असलेले म्हणून थोपवले गेलेले साडेसातशेच्या आसपास होते. २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत नकाराचं प्रमाण ११ टक्क्यांवर आलं आणि बंदी असलेले सापडले १४१. ते १४१ थांबले हे चांगलंच झालं. माझा आक्षेप बाकीच्यांबद्दल आहे. लग्नानंतर आडनाव बदललेली बाई, घर बदललेला भाडेकरू, वडिलांची जुनी रायफल घरात असलेला म्हातारा. लांब नळीच्या बंदुकांची नोंद राज्याने २०१४ पासून ठेवायला सुरुवात केली. त्याआधी कायदेशीर दुकानातून घेतलेल्या कितीतरी शॉटगन, रायफली त्या दफ्तरात नाहीतच. मालकाने सगळे नियम पाळले, तरी संगणकाच्या लेखी त्याच्याकडे बंदूक नाही. माझ्या बायकोचंही तसंच. ती माझीच शॉटगन वापरते, पण तिच्या नावावर बंदूक नाही, म्हणून तिला दरवेळी महागाची तपासणी.

ओळखपत्राची आणखी एक अडचण. ज्या लायसनवर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ (म्हणजे संघराज्याच्या कामांना हे ओळखपत्र चालत नाही) असं छापलेलं असतं, त्याच्याबरोबर पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवावा लागतो. जन्माने अमेरिकन असलेल्या लाखो लोकांकडेही असं लायसन आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हे दुकानात गेल्यावर कळतं. दुसऱ्या राज्यातून स्वतः गोळ्या घेऊन येता येत नाहीत. ऑनलाइन मागवल्या तर त्या परवानाधारक दुकानातच येतात, तिथे पुन्हा तपासणी, आणि दुकानाची वेगळी फी. जुलै २०२४ पासून बंदुका आणि गोळ्यांवर ११ टक्के जादा कर आहे तो निराळा.

नोंदींच्या सुरक्षिततेची भीतीही खरी आहे. जून २०२२ मध्ये न्याय विभागाच्याच वेबसाइटवरून बंदूक लपवून बरोबर नेण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या जवळपास दोन लाख लोकांची नावं-पत्ते उघडे पडले. ज्याच्या घरात बंदूक आहे त्याचा पत्ता चोराला कळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

कोर्टात हे प्रकरण नेणाऱ्यांत पहिलं नाव आहे किम ऱ्होड यांचं. सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ही नेमबाज. न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये कायद्याच्या विरोधात निकाल दिला. दोन्ही वेळा वरच्या कोर्टाने स्थगिती दिली. जुलै २०२५ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाच्या (हेच ते वरचं कोर्ट) तीन न्यायाधीशांच्या पीठानेही दोन विरुद्ध एक मताने हा कायदा घटनेत बसत नाही असं म्हटलं, तरी काउंटरवरची तपासणी थांबली नाही. तुम्ही भारतातून बघताय म्हणून एक सांगतो: आपल्याकडे बंदूक हा सरकारने दिलेला परवाना आहे, इथे तो घटनेतला हक्क आहे. गोळीशिवाय बंदुकीला अर्थ नाही, म्हणून गोळी घेण्यातला प्रत्येक अडथळा इथे त्या हक्काला लावून बघितला जातो. न्यू यॉर्कमध्येही सप्टेंबर २०२३ पासून अशी तपासणी सुरू आहे, तिची फी अडीच डॉलर.

कायदा सगळाच मोडीत काढावा, या माझ्या नेमबाजीच्या रेंजवरच्या बहुतेक मित्रांच्या मताशी मी सहमत नाही. मला हवं ते इतकंच: जी १९ डॉलरची तपासणी माणूस बघते, तीच सगळ्यांसाठी व्हावी, वेगाने आणि फुकट. बंदी असलेला माणूस तिच्यातही सापडेलच. पत्ता बदलला म्हणून कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. आणि नकार दिला तर कारण तिथेच, त्या माणसाला, हलक्या आवाजात सांगावं.

आता तुमच्या भाच्याबद्दल. तो ग्रीन कार्डावर किंवा नागरिक असेल तर त्याने न्याय विभागाच्या वेबसाइटवर जाऊन बंदुकीच्या नोंदीतली स्वतःची माहिती लायसनशी जुळवून घ्यावी. मी शेवटी तेच केलं आणि नंतर पुन्हा अडलो नाही. पण तो एच-वन व्हिसावर असेल तर गोष्ट फार वेगळी आणि गंभीर आहे. संघराज्याच्या कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या, दोन्ही बाळगायला मनाई आहे. चालू शिकार परवाना असणं हा त्यातला एक प्रमुख अपवाद. रेंजवर मित्राची बंदूक “जरा बघू” म्हणून हातात घेणं हेसुद्धा त्यात मोडू शकतं. आपली कितीतरी मुलं विकेंडला गंमत म्हणून रेंजवर जातात आणि त्यांना याची कल्पना नसते. त्याला आजच फोन करून विचारा तो कुठल्या व्हिसावर आहे, आणि तसं असेल तर आधी वकिलाला भेटायला सांगा.